पाटी नसलेलं सायकलचं दुकान, घाटंजी (जि. यवतमाळ) : दोन वर्षांत काय घेतलं, काय टिकलं

सायकलच्या टायरच्या अंगावर उठावाचे बारीक आकडे असतात. ते मी पहिल्यांदा नीट वाचले ते या दुकानाच्या पायरीवर बसून. हातात नवाकोरा टायर होता, ऑनलाइन मागवलेला, चारशे चाळीस रुपयांचा, आणि तो माझ्या चाकावर चढत नव्हता. आदल्या रात्री घरी मी, आई आणि धाकटा भाऊ अशा तिघांनी जोर लावून पाहिला. दोन चमचे वाकले, एक कलथा वाकला, ट्यूब चिमटून फाटली, पण टायर काही रिममध्ये बसला नाही. जुन्या टायरवर २६ लिहिलेलं, नव्यावरही २६. मग अडलं कुठे?

काकांनी (त्यांना सगळं घाटंजी काकाच म्हणते) दोन्ही टायर माझ्यासमोर उभे धरले, अंगठ्याला थुंकी लावून जुन्यावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "सव्वीस तं दोन्हीवर हाये बाई. समोरचं वाच."

जुन्यावर होतं २६ × १ ३/८ आणि त्याखाली ३७-५९०. नव्यावर २६ × १.७५ आणि खाली ४७-५५९.

"पयला आकडा रुंदीचा. दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथं बसते तिथला गोल, मिलिमीटरमधे. पाचशे नव्वदच्या रिमवर पाचशे एकोणसाठचा टायर चढन कसा?"

व्यासात एकतीस मिलिमीटरचा फरक. जोर लावून तो भरून निघणारच नव्हता. मुलींच्या साध्या सायकलींना ५९० लागतो, जाड टायरच्या गियरवाल्या सायकलींच्या २६ इंची चाकाला ५५९, आणि दुकानदारांपासून जाहिरातींपर्यंत सगळे दोघांनाही 'सव्वीसचा' म्हणून मोकळे होतात. घरी मोठी काळी सायकल असेल तर तिचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५, आणि शहरातल्या नव्या सायकलींचा ७००सी म्हणजे ६२२. तेही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. माझा नवा टायर ज्यांच्याकडून घेतला त्यांनी 'माल वापरलेला आहे' म्हणून परत घ्यायला नकार दिला. काकांनी तो टायर ठेवून घेतला, आठवड्याभरात एका कॉलेजच्या पोराला विकला आणि तीनशे रुपये माझ्या हातात आणून दिले. स्वतःकडे एक रुपया ठेवला नाही. त्या दिवसापासून मी या दुकानाची गिऱ्हाईक आहे, आणि या दुकानाबद्दल नीट, सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी माझं सांगते, म्हणजे माझं मत कोणत्या रस्त्यावरून आलं ते कळेल. मी ग्रामीण डाक सेवक आहे. तालुक्यातलं एक शाखा डाकघर आणि त्याखालची तीन गावं माझ्याकडे. घरून डाकघर नऊ किलोमीटर, मग टपाल वाटायचा फेरा, मग परत. दिवसाचे सव्वीस-सत्तावीस किलोमीटर होतात. त्यातलं चार किलोमीटर चांगलं डांबर, पाचेक किलोमीटर गिट्टी उघडी पडलेला रस्ता, आणि बाकी पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. कॅरियरवर टपालाची थैली, पैसे द्यायचं मशीन, पाण्याची बाटली. सायकल माझ्या ताईची, २०११ ची, लेडीज, बिनगियरची, पुढे टोपली. ती बदलायचा विचार माझ्या मनात नाही. सांगाडा शाबूत आहे, बाकी सगळं बदलता येतं, आणि या दोन वर्षांत मी ते एकेक करून बदललंच.

दुकान बाजारओळीत, कृषी केंद्रांच्या रांगेच्या शेवटी. पाटी नाही. ओळख म्हणजे दारात लोंबणारे टायर आणि खाली पाण्याने भरलेलं घमेलं. आत एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा. बाकी भिंतभर खिळे आणि खिळ्यांना चेन, ब्रेकच्या तारा, फ्रीव्हील, मडगार्डचे पाय, कॉटर पिनांच्या माळा. आऱ्यांचे जुडगे लांबीप्रमाणे लावून पत्र्याच्या पिंपात उभे. छर्रे कुंकवाच्या जुन्या डब्यांत. काकांना अंधारातसुद्धा हवा तो डबा सापडतो.

मला या दुकानाचं सगळ्यात जास्त काय पटलं असेल तर हे, की काका वस्तू दाखवायच्या आधी रस्ता विचारतात. तू कुठून कुठं जातेस, पांदण आहे का, रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) लागतो का, मागं ओझं किती. मग हात खिळ्याकडे जातो. मी ब्रेकचे रबर मागायला गेले होते तेव्हा त्यांनी आधी माझी रिम बोटाने चाचपली. रिम स्टीलची, क्रोमची. "पावसात हे रबर घसरतेच. रपट्याच्या उतारावर पन्नास पावलं आधीपासूनच ब्रेक टेकवत जाय, म्हंजे पाणी पुसलं जाते, मंग धरते." तीस रुपयांची जोडी घेतली आणि त्यासोबत ही गोष्ट मिळाली, जी कुठल्याही पाकिटावर लिहिलेली नसते. पुढच्याच आठवड्यात नाल्याच्या रपट्यावर मला ती कामी आली.

आता टायर-ट्यूब, कारण आपल्याकडे खर्च होतो तो इथेच.

पहिल्या वर्षी मी डायरीत लिहून ठेवलं होतं: एकतीस पंक्चर. बाभूळ, हिवर, बोर, आणि पाऊस सरला की जमिनीलगत पसरलेले सराटे. त्यात दिवाळीनंतर शेतकरी धुऱ्यावर (बांधावर) काट्या टाकतात, बैलबंडीमागे त्या ओढत नेल्या की पांदणभर काटे सांडतात. एकदा मी टपाल पोचवून चार किलोमीटर सायकल ढकलत आणली, डोक्यावर एप्रिलचं ऊन होतं आणि थैलीत एका आजीचे निराधार योजनेचे पैसे होते, जे मला त्याच दिवशी द्यायचे होते. ते दिले. पण त्या संध्याकाळी मी काकांना म्हटलं, महाग असला तरी चालेल, पण न फुटणारा टायर द्या.

"न फुटणारा टायर देवानंबी नाई केला," काका म्हणाले. मग त्यांनी मला राल्सनचा साधाच टायर दिला, तीनशे दहाचा, पण आत काम केलं. माझीच जुनी ट्यूब घेतली, वालाचा भाग कापून टाकला, मग ती लांबीने उभी चिरून सपाट पट्टी केली. ती टायरच्या आत पूर्ण गोल अंथरली. पट्टीची दोन टोकं जिथं एकमेकांवर येतात तिथं त्यांनी दोन्ही टोकांना चाकूने उतार दिला आणि घासपेपरने घासून कागदासारखी पातळ केली. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, टोक जाड राहिलं तर तीच धार आतून ट्यूबला घासते आणि काट्याच्या आधी तीच भोक पाडते. पुढच्या दिवशी त्या जागेवर मी बोट फिरवलं, जोड सापडला नाही.

दुसऱ्या वर्षी पंक्चर नऊ. चाक थोडं जड झालंय, चढावर ते जाणवतं, पण मला ते मंजूर आहे. बाजारात यासाठी तयार प्लॅस्टिकची पट्टीही मिळते. माझ्या मैत्रिणीने ती घातली होती, तिच्या पट्टीच्या टोकाने तीन महिन्यांत ट्यूब कापली. म्हणजे काकांचं म्हणणं तंतोतंत खरं.

ट्यूबमध्ये घालायचं ते हिरवं द्रव्यही मी एकदा मागवलं. शहरात, आधुनिक वालाच्या ट्यूबला ते उपयोगी पडत असेल. माझ्या सायकलला जुन्या पद्धतीचा वाल आहे, ज्याच्या आत बारीक रबरी नळी असते. ते द्रव्य त्या नळीत जाऊन बसलं आणि हवाच भरता येईना. मे महिन्यात ते आत सुकून गोळे झाले. आणि जिथून ते बाहेर झिरपलं तिथं ठिगळ चिकटेना, काकांनी दोनदा घासून पाहिलं. आमच्याकडच्या साध्या सायकलवाल्यांनी ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा वालाची रबरी नळी दहा रुपयांची घेऊन पर्समध्ये ठेवा. उन्हाळ्यात ती चिकट होऊन सडते, आणि रात्रीतून हवा उतरली की आपण उगाच पंक्चर समजून ट्यूब उघडत बसतो.

काका पंक्चर कसं काढतात तेही सांगते, कारण पंधरा-वीस रुपयांत आपल्याला नेमकं काय मिळायला हवं हे माहीत असलेलं बरं. ट्यूब घमेल्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, तिथं काडीने खूण. पण एक भोक सापडलं म्हणून ते थांबत नाहीत, पूर्ण ट्यूब फिरवतात. मग कोरडी करून घासपेपर, मग सोल्युशन. सोल्युशन लावलं की ते हात आवरतात. चहाचा घोट घेतात, कुणाशी बोलतात. बोट टेकवलं आणि ओलं लागलं नाही की मगच ठिगळ. घाई करून ओल्यावरच चिकटवलेलं ठिगळ आपल्याकडच्या उन्हात दुपारी तीन वाजता सुटतं, हे मी दुसरीकडच्या पंक्चरवर अनुभवलेलं आहे. आणि शेवटी टायरच्या आतून, चारही बोटं सावकाश फिरवत, काटा शोधायचा. काटा हाती आल्याशिवाय ट्यूब आत जात नाही. एकदा त्यांना वीस मिनिटं लागली. सराट्याचं टोक होतं, बाहेरून दिसतच नव्हतं.

चेनची गोष्ट लहान आहे. पायडल मारताना खटकन घसरायला लागलं तेव्हा मी म्हटलं चेन सैल झाली, ताणून द्या. काकांनी शाळेतली स्टीलची फूटपट्टी काढली. सायकलच्या चेनला एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणजे चोवीस कड्यांचे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. माझे सव्वाबाराच्या अलीकडे, बारा आणि एक अष्टमांशच्याही पुढे गेलेले. एक सोळांश वाढली तेव्हाच आली असतीस तर फक्त चेन गेली असती, आता फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या चक्राचे) दातेही त्याच मापाने झिजलेत, असं ते म्हणाले आणि मला दाते दाखवले. एका बाजूने कलते, मांजराच्या नखासारखे. दोन्ही बदललं, मजुरीसह तीनशे वीस. हे गेल्या दिवाळीनंतरचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा काकांनी नवीन आलेल्या मालाचे भाव स्वतःहून उतरवले होते. न विचारता. चेन बदलली तेव्हापासून मी दर महिन्याच्या एक तारखेला तिला फूटपट्टी लावते. तेल शिलाई मशीनचं, एकेका कडीवर एकेक थेंब, आणि मग कपड्याने बाहेरून कोरडी. गावात बरेच जण ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओततात, त्याला पांदणीची धूळ चिकटते आणि ती चेनला घासपेपरसारखी खाते.

सीटबद्दल आणि पॅडच्या चड्डीबद्दल कोणी बाई लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

पहिले सहा महिने मला बसताना इतकं दुखायचं की रविवारीसुद्धा मी खाली मांडी घालून जेवू शकत नव्हते. कुणाला सांगायची लाज. मी ऑनलाइन जेलचं सीट कव्हर घेतलं, मऊ, गुबगुबीत. ते प्रत्येक खड्ड्यात सरकायचं आणि मऊ असल्यामुळे नको तिथं दाबायचं. शेवटी दुकानात काकू होत्या (काका पेरणीला शेतात गेले की त्या बसतात) तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी एक शब्द जास्त न बोलता मला बाकावर पुठ्ठा टाकून बसवलं, आणि उठल्यावर पुठ्ठ्यावर जे दोन खोलगट ठसे उमटले त्यांच्यामधलं अंतर मोजलं. बुडाची दोन हाडं असतात, वजन त्यांच्यावर गेलं पाहिजे. ताठ बसून चालवायच्या सायकलला सीट रुंद लागते, पुढे वाकून चालवायच्या सायकलला अरुंद; माझ्या सायकलवर आधीच्या कुणीतरी गियरवाल्या सायकलची अरुंद सीट बसवली होती. काकूंनी स्प्रिंगची रुंद सीट दिली, साडेतीनशेची, आणि तिचं नाक एक रेघ खाली झुकवलं. अर्धं दुखणं त्या दिवशी संपलं. काकूंचे उपकार मी विसरणार नाही.

उरलेलं अर्धं पॅडच्या चड्डीने गेलं. ती या दुकानात मिळत नाही, ऑनलाइन घ्यावी लागली, सातशे रुपये. सलवारच्या आत घालते, बाहेरून काही दिसत नाही. पण तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला आठवडा मी नेहमीच्या कपड्यावरून घातली आणि आतल्या शिवणीने मांड्या सोलून निघाल्या. पॅड थेट अंगाला लागण्यासाठीच बिनशिवणीचं केलेलं असतं. रोज धुवावीच लागते, घामाने फोड येतात. उलटी करून वाळवायची. श्रावणात ती दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन हव्यात. मी दुसरी घेतली आणि आता मला वाटतं की टायरनंतर सगळ्यात योग्य जागी गेलेला पैसा हाच. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शाळेत जाणाऱ्या मॅडम, ज्या कुणी रोज दहा किलोमीटरच्या वर सायकल चालवता, त्यांनी ही घ्यावी. यात लाजण्यासारखं काही नाही.

कपड्यांवरून आणखी एक. ओढणी. साडी गार्ड मागच्या चाकाला असतो, पण वाऱ्यावर ओढणी पुढच्या ब्रेकच्या तारेतही अडकते. मी आता ओढणी घेतच नाही, सुती दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला घट्ट बांधते, आणि त्यावर हेल्मेट. हेल्मेट अकराशेचं, ऑनलाइन, सायकलचं, हवेच्या झरोक्यांचं. दुपट्टा भिजवून बांधला की झरोक्यातून येणारा वारा गार लागतो. पंचेचाळीस अंशांत याचं मोल मोठं आहे. हेल्मेट काका ठेवत नाहीत. "इथं कोन घालते," म्हणतात. त्यांचं माझं या एकाच गोष्टीवरून वाजतं. मी त्यांना सांगितलं, तुम्ही खिळ्याला टांगाल तेव्हा लोक विचारतील, विचारतील तेव्हा घालतील. अजून टांगलेलं नाही.

दिव्यांबद्दल थोडक्यात. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि माझ्या परतीचे शेवटचे दोन किलोमीटर अंधारात जातात. रस्त्यावर कापसाने ओथंबलेले ट्रॅक्टर, बाजूला टिपेश्वरच्या जंगलाकडून येणारे रोही, म्हणजे नीलगायी. काकांकडे डायनामो आहे, सहा व्होल्टचा, टायरला घासून चालणारा. भरवशाचा आहे पण पाय जड करतो, आणि थांबलं की विझतो. मी चार्जिंगचा पुढचा दिवा घेतला. पण जास्त महत्त्वाचा मागचा लाल. समोरचं आपल्याला थोडंफार दिसतंच, मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही. काकांनी कॅरियरला लाल रिफ्लेक्टर फुकट लावून दिला आणि लाल दिवा थैलीने झाकला जातो म्हणून तो कॅरियरच्या खाली, मडगार्डवर सरकवला. मी तो सहा महिने चुकीच्या जागी लावून फिरत होते.

पावसाळ्यात काळी माती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगून पटणार नाही. एका पावसानंतर पांदणीत शिरलं की माती चाकाला कणकेसारखी लपेटत जाते, टायर आणि मडगार्डच्या मधल्या जागेत ठासून भरते, आणि पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. सायकल उचलून न्यायची ताकद नसते, कारण तिचं वजन दुप्पट झालेलं असतं. मी मडगार्डच काढून टाकायला गेले होते. काकांनी काढू दिले नाहीत. मग सगळा चिखल टपालाच्या थैलीवर उडाला असता. त्यांनी मडगार्डच्या पायांना वायसर टाकून मडगार्ड बोटभर वर उचललं, आणि पुढच्या मडगार्डचं चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या) पुढे आलेलं टोक थोडं कापलं. खर्च चाळीस रुपये. माती अजूनही भरते, पण आता पळसाच्या काडीने खरडून निघते. जून ते सप्टेंबर ती काडी माझ्या टोपलीत असते.

तक्रारी आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत.

दुकानात काम शिकणारा एक मुलगा आहे. गेल्या वर्षी काका नसताना त्याने माझं डावं पायडल बदललं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते उलट्या दिशेने आवळावं लागतं. त्याने उजवं पायडल घेतलं आणि पान्ह्याने जोर लावून डाव्या क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्याला जोडतात त्या लोखंडी हातात, बसवलं. तिसऱ्या दिवशी ते क्रँकचे आटे खाऊन निखळलं आणि मी गिट्टीवर पडले. कोपर सोलला, मशीन सुदैवाने वाचलं. मला खूप राग आला होता आणि तो मी बोलून दाखवला. काकांनी नवा क्रँक आणि कॉटर पिन (क्रँकला एक्सलवर घट्ट धरणारी खिळी) स्वतःच्या पैशाने टाकली आणि त्या मुलाला माझ्यासमोर बसवून दोन्ही पायडलांच्या दांड्यांवरची एल आणि आर ही अक्षरं वाचायला लावली. रागावले नाहीत, वाचायला लावली. तो मुलगा आता नीट काम करतो. तरी तुम्ही गेलात तर क्रँकचं, एक्सलचं आणि चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायचं काम काकांच्या हातूनच करून घ्या, थोडं थांबावं लागलं तरी.

दुसरी तक्रार बिलाची. मागितलं तर वहीच्या कागदावर लिहून देतात. तिसरी, 'उद्या ये'. नागपूरहून माल आला नाही की उद्या, पेरणी निघाली की उद्या, लग्नसराईत तर विचारूच नका. एकदा ब्रेकच्या तारेसाठी मी चार 'उद्या' वाट पाहिली, आणि त्या चार दिवसांत फक्त मागच्या ब्रेकवर सायकल चालवली. हे बरोबर नाही, आणि ब्रेकची तार दुकानात नेहमी असलीच पाहिजे असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. तेव्हापासून ते माझ्या मापाची एक तार माझ्या नावाने बाजूला ठेवतात.

संध्याकाळी पाचनंतर दुकानासमोर मानव विकासच्या सरकारी योजनेत शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकलींची गर्दी असते. आठवी-नववीच्या मुली, आसपासच्या गावांतून येणाऱ्या. नवी सायकल पहिल्या महिन्यात सैल पडतेच. आरे बसतात, कॉटर पिन हलते, हँडल फिरतं. काका त्यांचे पैसे घेत नाहीत, फक्त प्रत्येकीच्या हातात पान्हा देतात आणि नट तिच्याकडूनच आवळून घेतात. मागच्या महिन्यात एक मुलगी आपल्या मैत्रिणीला सांगत होती, "पयला आकडा रुंदीचा, दुसरा गोलाचा." मी टोपलीत थैली ठेवता ठेवता थांबले आणि ऐकत राहिले.

जाणार असाल तर टायरवरचे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या, आणि झिजलेली वस्तू फेकू नका, सोबत न्या. चेन असो, फ्रीव्हील असो की कॉटर पिन, काका जुनी पाहूनच नवी काढतात. दुकान सकाळी साडेआठला उघडतं आणि दुपारी एक ते तीन बंद असतं. मृग लागला की मात्र आधी समोरच्या कृषी केंद्रात विचारा, काका आहेत की वावरात गेलेत. काकू असतील तर सीटचं काम त्यांनाच सांगा.